दहावी-बारावीनंतर कॉम्प्युटर लाइन: सोलापुरातल्या मुलांचे आणि पालकांचे नेहमीचे प्रश्न

मी शहरात कॉम्प्युटर शिकवतो. निकाल लागला की फोन सुरू होतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली. प्रवेशाचे नियम दरवर्षी थोडेफार हलतात. फॉर्म भरण्याआधी त्या वर्षीची सीईटी सेलची (राज्याची प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, घेणाऱ्या कार्यालयाची) किंवा तंत्रशिक्षण संचालनालयाची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. शेजारच्याच्या मुलाने गेल्या वर्षी काय केलं, हा पुरावा धरू नका.

मला ही लाइन जमेल की नाही, हे आधी कसं कळणार?

कल चाचणीचे पैसे भरण्याआधी सुट्टीतले पंधरा दिवस दे. पायथॉन फुकट आहे, मोबाइलच्या ब्राउझरमध्येही चालतं. घरातला एखादा खरा हिशोब घे. समजा आई विड्या वळते. मजुरी हजार विड्यांमागे ठरलेली, रोजचा आकडा वेगळा, काही विड्या कारखान्यात बाद होतात. आठवड्याची मजुरी काढून देणारा प्रोग्राम लिही. पंधरा-वीस ओळींचं काम आहे. एखाद्या तासात तो चालेल आणि बरं वाटेल. मग गुरुवारी आईने काम केलंच नाही म्हणून तू तो आकडा रिकामा सोडशील आणि प्रोग्राम ‘व्हॅल्यू एरर’ म्हणत जागीच थांबेल.

आता स्वतःकडे बघ. हा का थांबला, हे शोधण्यात जेवायची वेळ टळली तर ही लाइन तुझी आहे. वैताग येऊन व्हिडिओतलं उत्तर उतरवून मोकळं व्हावंसं वाटलं, आणि दर वेळी तसंच वाटत राहिलं, तर दुसरं काहीतरी बघ. त्यात कमीपणा काही नाही. पुढे नोकरीतही दिवसाचा मोठा भाग असं अडकलेलं सोडवण्यातच जातो. दहावीला गणितात किती पडले यापेक्षा मी या पंधरा दिवसांवर जास्त विश्वास ठेवतो.

दहावी झाली. डिप्लोमा करू की अकरावी सायन्स?

वर्षांचा हिशोब सारखाच आहे. डिप्लोमाची तीन वर्षं आणि मग इंजिनिअरिंगला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश, म्हणजे पुढे तीन. अकरावी-बारावीची दोन आणि इंजिनिअरिंगची चार. दोन्हीकडून सहा वर्षांनीच डिग्री हातात येते. डिप्लोमाला दहावीच्या मार्कांवर प्रवेश मिळतो, सीईटी नसते, आणि थेट दुसऱ्या वर्षाचा प्रवेश डिप्लोमाच्या मार्कांवर होतो.

मग फरक कुठे? डिप्लोमावाल्याच्या हातात तीन वर्षांनी एक कागद असतो, ज्यावर नोकरी लागू शकते. घरची परिस्थिती कधी फिरेल याचा नेम नसेल, तर ही मोठी सोय आहे. वर्कशॉप, प्रॅक्टिकल, जर्नल याची सवयही लवकर लागते. अडचण गणिताची. डिग्रीच्या दुसऱ्या वर्षी गणित अंगावर येतं, कारण बारावीवाल्यांचा पहिल्या वर्षाचा पाया यांच्याकडे नसतो. सरकारी पॉलिटेक्निकमधून पंच्याऐंशी टक्के घेऊन आलेली मुलं त्या एका विषयात गटांगळ्या खाताना दरवर्षी दिसतात. डिप्लोमाच्या शेवटच्या सुट्टीत बारावीचं कॅल्क्युलस करून ठेवलं की निम्मा त्रास जातो.

अकरावी सायन्सची अडचण वेगळी. नाव एका ज्युनिअर कॉलेजात, पोरगा दिवसभर क्लासमध्ये, प्रॅक्टिकल कागदावरच. किंवा मग थेट लातूर. ‘लातूर पॅटर्न’चा दबदबा आपल्याकडे मोठा आहे, पण खोली, मेस आणि क्लासची फी मिळून दोन वर्षांत जो खर्च होतो, तो आधी वहीत मांडा. डॉक्टर व्हायचंच असेल तर गोष्ट निराळी. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगसाठी सोलापुरात राहून सीईटीची तयारी होते. पेपर दोनशे मार्कांचा. त्यातले शंभर एकट्या गणिताचे, आणि चुकलेल्या उत्तराला मार्क कापत नाहीत.

माझं मत विचाराल तर: गणित आवडतं आणि घर दोन वर्षं धीर धरू शकतं, तर अकरावी. हाताने काम करायला आवडतं किंवा घराला लवकर आधार हवा, तर डिप्लोमा. ‘डिप्लोमा म्हणजे कमी मार्कांच्या मुलांचा’ हे डोक्यातून काढून टाका.

सीईटीला ८५ पर्सेंटाइल आहेत. पुण्यातलं साधं कॉलेज घ्यावं की सोलापुरातलं चांगलं?

बहुतेक वेळा सोलापुरातलं. (८५ पर्सेंटाइल म्हणजे ८५ टक्के मार्क नव्हेत; परीक्षा दिलेल्या शंभरातल्या साधारण पंच्याऐंशी जणांच्या पुढे.) पुण्याच्या नावाखाली मुलं ज्या कॉलेजात जातात, त्यातली बरीच शहरापासून इतकी लांब असतात की सगळा दिवस बसमध्ये जातो. ‘पुण्यात आयटी कंपन्या आहेत, तिथं राहिलं की ओळखी होतात’ असं लोक म्हणतात. दुसऱ्या वर्षाच्या मुलाला हिंजवडीत कोण ओळखतं?

आपल्याकडे वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी १९८३ पासून आहे, तुळजापूर रोडला ऑर्किड आहे, पंढरपूरजवळ गोपाळपूरला स्वेरी आहे. कुठलंही कॉलेज निवडण्याआधी एकदा आत जाऊन या. प्रवेशाच्या टेबलावर माहितीपत्रक मिळेल, ते घ्या आणि पुढे कॅन्टीनला जा. तिसऱ्या वर्षाची दोन मुलं गाठा. गेल्या सेमिस्टरला प्रोग्रामिंग कोणी शिकवलं, ते शिक्षक अजून आहेत का? लॅब संध्याकाळी उघडी असते का? मिनी प्रोजेक्ट स्वतः केला की विकत आणला? तिसऱ्या प्रश्नाला मुलं हसतात. त्या हसण्यातून बरंच कळतं.

प्लेसमेंटचा बोर्ड वाचताना सर्वांत वरचं पॅकेज सोडून द्या. तुमच्या शाखेतली किती मुलं पात्र होती, त्यातल्या किती जणांना ऑफर मिळाली, एकाच मुलाच्या तीन ऑफर तीनदा मोजल्या आहेत का, आणि मधल्या मुलाचा पगार किती, एवढं विचारा. आकडे देताना समोरचा अडखळला तर समजून घ्या.

पर्सेंटाइल ९७-९८ च्या पुढे असतील आणि पुण्या-सांगलीच्या नामांकित कॉलेजात नंबर लागत असेल, तर मात्र सोलापूरचा मोह सोडा. तिथं शेजारच्या बाकावरची मुलंच निम्मं शिकवतात.

कॉम्प्युटर, आयटी, एआय-डेटा सायन्स. यात फरक काय?

पहिल्या वर्षात जवळपास काही नाही. पुढेही डेटा स्ट्रक्चर, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टीम, नेटवर्क हे चार विषय तिन्हीकडे असतात आणि मुलाखतीत तेच विचारतात. नवीन नावाच्या शाखेसाठी दुबळं कॉलेज घेऊ नका.

कॉम्प्युटर मिळालं नाही. मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकल घेतलं तर संपलं का?

उलट, सोलापूरच्या मुलाला हा प्रश्न पडावा याचंच मला नवल वाटतं.

सोलापुरी चादरीवरची नक्षी जॅकार्डवर विणली जाते. पूर्वी डिझायनर चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन रंगवून नक्षी काढायचा, मग त्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडली जायची. भोक असलं की हुक उचलला जातो, नसलं की खाली राहतो. एक कार्ड म्हणजे आडव्या धाग्याची एक फेक. कार्डं दोरीने ओवून मागाच्या डोक्यावर माळ फिरायची. हे यंत्र फ्रान्सच्या जोसेफ मारी जॅकारने १८०४ साली उभं केलं, आणि भोकाच्या कार्डांची कल्पना पुढे चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी उचलली. म्हणजे ज्याला आपण कॉम्प्युटर म्हणतो त्याचा एक पूर्वज अशोक चौकाच्या आसपासच्या कारखान्यांत खडखडत होता, आणि आपण पोरांना सांगत होतो की मागाकडे बघू नको, कॉम्प्युटर शिक.

आता इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आलेत. नक्षी फाइलमधून जाते, हुक उचलण्याचं काम इलेक्ट्रॉनिक सर्किट करतं. हे यंत्र बंद पडलं की दुरुस्त करायला यंत्रही कळणारा आणि सॉफ्टवेअरही कळणारा माणूस लागतो. तसाच माणूस साखर कारखान्यात लागतो. गाळपाच्या हंगामात बॉयलर, टर्बाइन, वीजनिर्मिती हे सगळं कंट्रोल रूमच्या पडद्यावरून चालतं. फताटेवाडीच्या एनटीपीसीच्या १३२० मेगावॉटच्या केंद्रात तेच. पीएलसी (यंत्र चालवणारा छोटा कॉम्प्युटर), स्काडा (सगळी यंत्रं पडद्यावरून बघायचं-चालवायचं सॉफ्टवेअर), सेन्सर हे शब्द शिकलेल्या इलेक्ट्रिकल-मेकॅनिकलच्या मुलाला आपल्याच जिल्ह्यात काम आहे, आणि त्या कामाला गर्दी कमी आहे.

कोडिंगच करायचं असेल तरी अडत नाही. भरतीच्या मोठ्या परीक्षा बऱ्याच कंपन्या सगळ्या शाखांना खुल्या ठेवतात. अभ्यास मात्र स्वतःच्या जिवावर करावा लागतो.

बारावी कॉमर्स केलंय. आता कॉम्प्युटरकडे येता येईल का?

येईल. बीसीएचं, म्हणजे कॉम्प्युटर ॲप्लिकेशन्सच्या पदवीचं, दार कॉमर्स-आर्ट्सला उघडं आहे. लक्षात ठेवायची गोष्ट एकच: २०२४-२५ पासून बीसीए, बीबीए हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) कक्षेत आले आणि त्यांना वेगळी सीईटी सुरू झाली. ‘निकाल लागल्यावर बघू’ म्हणून थांबलेल्यांची सीईटीच्या फॉर्मची तारीख निघून जाते. बीसीएनंतर दोन वर्षांचं एमसीए (त्याच विषयातली पदव्युत्तर पदवी), त्यालाही सीईटी. ज्याला अकाउंट्स कळतं आणि प्रोग्रामही लिहिता येतो, तो माणूस बिलिंग, जीएसटी, बँकिंग सॉफ्टवेअरच्या कंपन्यांना हवाच असतो. कॉमर्स वाया गेलं असं मुळीच समजू नको.

बी.एस्सी. ईसीएस चांगलं की बीसीए?

आपल्या विद्यापीठातल्या ईसीएसला (एंटायर कॉम्प्युटर सायन्सला) गणित आणि थिअरी थोडी जास्त, बीसीएचा रोख व्यवसायाच्या सॉफ्टवेअरकडे. सायन्स झालं असेल आणि पुढे एम.एस्सी. किंवा एमसीए करायचं असेल तर ईसीएस. दोन्ही ठिकाणी तीन वर्षांनी नुसत्या पदवीवर फार अवलंबून राहू नको. पुढचं शिक्षण किंवा दाखवण्याजोगं काम, यातलं एक हवंच.

फी झेपणार नाही. सवलती खरंच मिळतात का?

मिळतात, पण कागद पूर्ण असतील तर. २०२४-२५ पासून वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा; मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर सवलत गेली. खुल्या प्रवर्गातल्या मुलांना राजर्षी शाहू महाराज योजनेतून निम्मं शिक्षण शुल्क मिळतं, उत्पन्नाची मर्यादा तीच. शिवाय प्रत्येक शाखेत पाच टक्के जादा जागा टीएफडब्ल्यूएसच्या (शिक्षण शुल्क माफी योजनेच्या) असतात, तिथं शिक्षण शुल्क माफ. चुरस मोठी आणि नंतर कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही. कुठल्या कॉलेजची मंजूर फी किती, हे शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर दिसतं. कॉलेजने त्याहून जास्त सांगितली तर पावती मागा, आवाज खाली येतो.

आता कागदांचं. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, नॉन क्रिमी लेअर आणि जात पडताळणी. यातली पडताळणी सगळ्यांत जास्त वेळ खाते, म्हणून बारावीच्या वर्षातच प्रकरण दाखल करून ठेवा. दुसरं लफडं नावाचं. आपल्याकडे तेलुगू, कन्नड आडनावं पुष्कळ; शाळेच्या दाखल्यावर त्याचं इंग्रजी स्पेलिंग एक, आधारवर दुसरं, बँकेच्या पासबुकावर तिसरं. कुठे एक ‘एल’ जास्त, कुठे वडिलांचं नाव आधी. महाडीबीटीवर (शिष्यवृत्ती-सवलतींच्या सरकारी पोर्टलवर) अर्ज नेमका इथं अटकतो. तिन्ही कागद शेजारी ठेवून अक्षरन्‌अक्षर जुळवा आणि बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का ते शाखेत जाऊन विचारा. हे काम मार्चमध्ये करा. जूनमध्ये सेतू कार्यालयात पाय ठेवायला जागा नसते.

माझं शिक्षण मराठी माध्यमातून झालंय. इंग्रजीची भीती वाटते.

घरी तेलुगू किंवा कन्नड, गल्लीत मराठी, बाजारात हिंदी बोलणाऱ्या पोराने भाषेला घाबरावं, हे पटत नाही. कॉलेजातलं इंग्रजी वाचायचं इंग्रजी आहे. शब्द ठरावीक असतात आणि एका सेमिस्टरमध्ये बसतात. सुरुवातीला आधार हवा असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सी, लिनक्स वगैरेचे धडे मराठी आवाजात आहेत, फुकट. ते ऐकून मग तोच धडा इंग्रजीत ऐक.

बोलण्याचं इंग्रजी मात्र मुलाखतीच्या आदल्या महिन्यात येत नाही. रोज दहा मिनिटं, आज कॉलेजात काय केलं ते मित्राला इंग्रजीत सांग. चुका होऊ देत.

लॅपटॉप कोणता घेऊ?

एसएसडी हवी, रॅम निदान ८ जीबी, जमलं तर १६. गेमिंगचा नको. ओळखीतून चांगला जुना मिळाला तरी चालतो. पहिल्या सेमिस्टरला लॅबवर भागतं, त्यामुळे कर्ज काढून घाई करू नका.

एमएस-सीआयटी झालंय. त्याचा उपयोग?

सरकारी नोकरीच्या अर्जात होतो. प्रोग्रामिंगशी त्याचा संबंध नाही.

एका क्लासवाल्याने ‘शंभर टक्के नोकरी, फी लाखभर’ सांगितलंय. घालू का?

आधी करारनामा घरी आणून वाच. ‘प्लेसमेंट गॅरंटी’ आणि ‘प्लेसमेंट असिस्टन्स’ यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. जाहिरातीत पहिलं असतं, करारात दुसरं. ‘फी हप्त्याने भरा’ म्हणतात तेव्हा बऱ्याचदा तुझ्या नावावर फायनान्स कंपनीचं कर्ज निघतं. क्लास सोडला तरी हप्ता सुटत नाही, आणि थकला की पुढे घरकर्जाच्या वेळी तो डाग निघतो. गेल्या दोन बॅचमधल्या पाच मुलांचे नंबर माग, क्लासने निवडून दिलेले नव्हेत, हजेरीच्या यादीतले.

आणि कोणी दोन वर्षांचा खोटा अनुभव लावून देतो म्हणाला तर उठून बाहेर ये. कंपन्या पीएफच्या नोंदी तपासतात. ऑफर लेटर घेऊन रुजू झालेला मुलगा तिसऱ्या महिन्यात घरी परत येतो आणि त्या कंपनीचं दार त्याला कायमचं बंद होतं.

सगळे क्लास वाईट नाहीत. रोज चुका दाखवणारा शिक्षक मिळत असेल तर पैसे द्यावेत. पण केवळ अभ्यासक्रमासाठी लाख रुपये कशाला? एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन उपक्रमात आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं मोफत आहेत. परीक्षा द्यायची असेल तरच फी लागते. आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची ऑनलाइन पदवीही आहे. तिला जेईई लागत नाही, पात्रता टप्पा पार करावा लागतो, परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची, आणि मध्येच थांबावं लागलं तर त्या टप्प्याचं प्रमाणपत्र किंवा डिप्लोमा मिळतो. दुसरी डिग्री करता करता ती करणारी मुलं मी बघतो. जड जाते, पण जमते.

एआय सगळ्या नोकऱ्या खाणार म्हणतात. मग चार वर्षं कशाला घालवायची?

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून एक गोष्ट नक्की बदलली: साधा कोड लिहून देणं हे आता कौतुकाचं काम राहिलं नाही. फ्रेशरला पूर्वी जे सोपं काम देऊन शिकवायचे, तेच यंत्र आधी करतं, म्हणून सुरुवातीची पायरी उंच झाली आहे. हे मुलांपासून लपवू नये.

पण यंत्राने दिलेला कोड बरोबर आहे का, हे सांगणारा माणूस लागतोच. वर विडीच्या मजुरीचा प्रोग्राम सांगितला. तो एआय पाच सेकंदांत लिहील; बाद झालेल्या विड्या मजुरीतून वजा करायच्या की नाही, हे त्याला तुझ्या आईने सांगितल्याशिवाय कळणार नाही. दवाखाना, गिरणी, मार्केट यार्ड, युनिफॉर्मचा कारखाना, यातला एखादा धंदा आतून माहीत असलेल्या इंजिनिअरची किंमत वाढेल असं मला वाटतं. पहिल्या दोन वर्षांत एआयकडून असाइनमेंट करून घेणाऱ्या मुलांचं मात्र कठीण आहे. तोंडी परीक्षेत ती पाचव्या मिनिटाला उघडी पडतात.

पहिला पगार किती मिळतो?

मोठ्या आयटी कंपन्यांचं फ्रेशरचं पॅकेज बरीच वर्षं साडेतीन लाखांच्या आसपास रेंगाळलंय. हातात महिन्याला साधारण पंचवीस हजार. पुण्यात खोली, मेस आणि येणं-जाणं वजा केलं की घरी पाठवायला फार उरत नाही. पहिली दोन वर्षं अशीच जातात हे आधी माहीत असलं की भांडणं होत नाहीत. बऱ्याच कंपन्या दहावी, बारावी किंवा डिप्लोमा आणि डिग्री, तिन्हीकडे साठ टक्के मागतात आणि बॅकलॉग (नापास राहिलेला विषय) शिल्लक चालत नाही, तेवढं सांभाळ.

मुलगी हुशार आहे, पण तिला पुण्याला एकटीला पाठवायला मन तयार होत नाही.

ताई, डिग्री इथं राहूनच होऊ द्या, त्यासाठी पुण्याची गरज नाही. पण चौथ्या वर्षी तिला ऑफर आली तर ‘नको’ म्हणायचं असेल, तर ते तिला आत्ताच सांगा. चार वर्षं राबवून ऐनवेळी अडवू नका. हुतात्मा एक्सप्रेसने सकाळी निघालं की दुपारच्या आत पुणं येतं. एकदा तिच्याबरोबर जा, तिची सीनिअर मुलगी जिथं राहते ती खोली बघा, त्या मुलीच्या आईशी फोनवर बोला. इतक्या वर्षांत पुण्याला न गेलेल्या आयांनाच जास्त भीती वाटताना बघितली आहे.

सोलापुरात राहून आयटीत काम मिळेल का?

थोडं मिळेल. इथल्या छोट्या कंपन्या वेबसाइट, दवाखान्यांचं आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर, युनिफॉर्म-टॉवेलवाल्यांची ऑनलाइन विक्री असली कामं करतात. पगार कमी, पण एकाच माणसाला सगळं करावं लागत असल्याने शिकणं भरपूर. घरून काम हवं असेल तर आधी दोन-तीन वर्षं बाहेर काढून ये. फ्रेशरला घरी बसवून कोणी शिकवत नाही.

कॅपचा (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा) ऑप्शन फॉर्म भरताना काय सांभाळायचं?

क्रम. जे कॉलेज खरंच पहिलं हवं तेच पहिलं लिहा. ‘मिळणार नाही’ म्हणून खाली ढकलू नका. वरचं लिहिल्याने खालच्याची संधी कमी होत नाही. पण जिथं जायचंच नाही ते नावही यादीत नको. २०२५ मध्ये चार फेऱ्या झाल्या: पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला, दुसरीत पहिल्या तिनांतला किंवा तिसरीत पहिल्या सहांतला, तर तो घ्यावाच लागे, पुढच्या फेरीत जाता येत नसे. गेल्या वर्षीचे कटऑफ सीईटी सेलच्या संकेतस्थळावर प्रवर्गवार असतात. आपला प्रवर्ग आणि शाखा बघूनच आकडा वाचा. फॉर्म भरला की ‘कन्फर्म’ दाबल्याची खात्री करा, प्रिंट काढा, आणि लॉगिनचा पासवर्ड नेट कॅफेवाल्याला देऊन येऊ नका.